विश्लेषण : कोरियाचा चोको पाय भारतात शाकाहारी कसा झाला?

दोन मऊ बिस्किटे, मध्ये पांढरा मार्शमॅलो आणि वरून चॉकलेटी थर. दक्षिण कोरियातील काही पिढ्यांच्या बालपणाशी जोडला गेलेला चोको पाय आता भारतातील किराणा दुकानांतही सहज मिळतो. २०२४ मध्ये त्याने पन्नाशी गाठली. नाव आणि रूप कायम असले, तरी देश बदलला की त्याचे घटक बदलतात. त्यात कोकोच्या दरांतील उसळीमुळे अशा पदार्थांवरचा चॉकलेटी थरही चर्चेत आला आहे. त्यामुळे ओळखीच्या पाकिटात नेमके काय आहे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

चोको पायचा जन्म कसा झाला?

अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील चॅटानूगा बेकरीने १९१७ च्या सुमारास ‘मून पाय’ बाजारात आणला. बिस्किटांमध्ये मार्शमॅलो आणि वर चॉकलेट अशी त्याची रचना. याच धर्तीवर कोरियातील टाँगयांग कन्फेक्शनरी, म्हणजे आजच्या ओरायन कंपनीने १९७४ मध्ये चोको पाय आणला. १९७० चे दशक संपता संपता लोट्टेही या बाजारात उतरली. नावावरून दोन्ही कंपन्यांत न्यायालयीन लढाई झाली. ‘चोको पाय’ ही कुणा एकाची मालमत्ता नसून पदार्थाचे सर्वसामान्य नाव झाले आहे, असा निकाल कोरियातील न्यायालयांनी दिला. म्हणूनच आज दोन्ही कंपन्या तेच नाव वापरतात.

कोरियात त्याला इतके भावनिक स्थान का?

ओरायनने १९८९ पासून ‘जंग’ या कोरियन शब्दाभोवती जाहिराती केल्या. जंग म्हणजे माणसामाणसांतली माया, आपलेपणा. सक्तीच्या लष्करी सेवेत घरापासून दूर असलेल्या तरुणांसाठी चोको पाय ही मोठी चैन होती. उत्तर कोरियातील केसाँग औद्योगिक संकुलात दक्षिण कोरियाच्या कंपन्या कामगारांना रोख बक्षिशी देऊ शकत नव्हत्या. त्याऐवजी चोको पाय दिले जात. ते पुढे काळ्या बाजारात विकले जाऊ लागले. २०१४ मध्ये उत्तर कोरियाने हे वाटप थांबवायला लावले. २०१६ मध्ये संकुलच बंद झाले.

मार्शमॅलोत जिलेटिन कशासाठी?

साखर आणि ग्लुकोजचा पाक फेटून त्यात हवा भरली की फेस तयार होतो. तो फेस टिकवून धरण्याचे काम जिलेटिन करते. जनावरांची कातडी आणि हाडे यांतील कोलॅजेनपासून जिलेटिन मिळते, त्यात डुकराच्या कातडीचा वापर मोठा आहे. शरीराच्या तापमानाला ते विरघळते, म्हणून मार्शमॅलो तोंडात वितळतो. बिस्किटाचा मऊपणाही या मधल्या थरावर अवलंबून असतो. पाकिटबंद झाल्यावर मार्शमॅलोतील ओलावा हळूहळू बिस्किटात उतरतो आणि कडक बिस्कीट केकसारखे लागते. म्हणजे जिलेटिन बदलायचे, तर अख्ख्या पदार्थाचे गणित नव्याने मांडावे लागते.

भारतात कोणता बदल करावा लागला?

लोट्टेने २००४ मध्ये चेन्नईची पॅरीज कन्फेक्शनरी विकत घेतली. पुढे चेन्नई आणि हरियाणातील रोहतक येथे चोको पायचे उत्पादन सुरू केले. ओरायनने २०२१ मध्ये राजस्थानात कारखाना सुरू केला. भारतात दूध आणि दुग्धजन्य पदार्थ वगळता प्राणिजन्य घटक असलेल्या पदार्थावर मांसाहाराचे तपकिरी चिन्ह सक्तीचे आहे. अंडेही त्यात येते. मुलांच्या खाऊवर ते चिन्ह असेल, तर मोठा ग्राहकवर्ग त्याला हातच लावणार नाही. त्यामुळे येथील चोको पायमध्ये प्राणिजन्य जिलेटिनऐवजी समुद्री शेवाळातून मिळणारे, वनस्पतिजन्य घटक वापरण्यात आले आणि पाकिटावर हिरवा ठिपका आला. घराघरात वापरला जाणारा चायना ग्रासही शेवाळापासूनच बनतो.

वरचा थर चॉकलेटच असतो का?

अशा खाऊच्या बाबतीत दरवेळी नाही. खऱ्या चॉकलेटमधील स्निग्धांश कोको बटरचा असतो. ते साधारण ३४ अंश सेल्सिअसला वितळते. भारतीय उन्हाळ्यात दुकानातल्या फळीवर ते टिकवणे कठीण आणि खर्चिकही. त्यामुळे अनेक बिस्किटे आणि केकवर ‘कम्पाऊंड’ वापरतात. त्यात कोको पावडर असते, पण कोको बटरऐवजी पामच्या बियांतील तेलासारखी स्वस्त वनस्पती तेले असतात. ‘चॉकलेट’ म्हणून विकायच्या पदार्थात अशा इतर तेलांना ५ टक्क्यांची मर्यादा आहे. त्यामुळे ‘चॉकलेट’ आणि ‘चॉकलेटी’ यांतील फरक केवळ शब्दांचा राहत नाही.

कोको महागल्याचा काय परिणाम?

जगातील निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. लहरी हवामान आणि झाडांवरील विषाणूजन्य रोगामुळे तेथील पीक घटले. डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात भाव टनाला १२ हजार डॉलरच्या पुढे गेला. पूर्वी अनेक वर्षे तो दोन ते तीन हजार डॉलरच्या आसपास होता. २०२५ मध्ये दर उतरले, पण तोवर काही पाककृती बदलल्या होत्या. ब्रिटनमधील पेंग्विन आणि क्लब या जुन्या, लोकप्रिय बिस्किटांतील कोकोचे प्रमाण इतके कमी झाले, की २०२५ मध्ये त्यांना ‘चॉकलेट’ऐवजी ‘चॉकलेटच्या स्वादाचे’ असे म्हणावे लागले. पाकिटाचे रूप मात्र ओळखीचेच राहिले.

ग्राहकाने काय पाहावे?

पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. साखर आणि तेल कोकोच्या आधी असतील, तर त्यांचे प्रमाण अधिक आहे. इमल्सिफायर ४७१ सारखे काही घटक वनस्पती किंवा प्राणी, दोन्हींपासून बनू शकतात. केवळ सांकेतिक क्रमांक पाहून ते कळत नाही. म्हणूनच प्रमाण कितीही अल्प असले, तरी प्रत्येक घटकाचा स्रोत जाहीर करावा, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये दिला. परदेशातून येणाऱ्यांनी भेट आणलेल्या चोको पायबाबत तर अधिक सावध राहायला हवे. भारतातील हिरवा ठिपका इथे विकल्या जाणाऱ्या पाकिटापुरताच असतो. सोल किंवा सिंगापूरमध्ये त्याच नावाने घेतलेल्या पाकिटाला ती हमी लागू होत नाही.