‘प्रतिसाद कमी’ म्हणे!

आत्याचा डावा पाय लहानपणी पोलिओत गेला. आता पन्नाशी उलटली, रोज सकाळी मशेरी लावते. राहते वेल्ह्यात, पानशेतच्या पाण्यापलीकडे. गेल्या वर्षी जवळच्या गावात कॅन्सर तपासणीचं शिबिर लागलं, ते सहा पायऱ्या वरच्या हॉलमध्ये. ती खालीच बसली आणि परत आली. तिच्या मुलाला ऑटिझम आहे, वय ३१. बाहेर स्पीकर बोंबलत होता, तो कान दाबून जीपमध्येच बसला. आत गेला असता तरी न सांगता हातमोज्यातलं बोट तोंडात घातल्यावर तो चावलाच असता.

नंतर कानावर आलं, ‘प्रतिसाद कमी मिळाला.’

आमच्या ॲपमधून लोक दुसऱ्याच स्क्रीनवरून परत जायला लागले, तर मॅनेजर लोकांना अडाणी म्हणत नाही. आमची झोप उडवतो.

तिशी ओलांडलेल्यांचा सीबीएसी फॉर्म आशाताई घरी येऊन भरतात. वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, व्यायाम, घरातला आजार, यांना गुण. चारच्या वर गेलात की तपासणीला प्राधान्य. अपंगत्व आहे का, अंथरुणाला खिळलात का, हेही त्याच फॉर्मवर विचारतात, पण त्याला गुण नाहीत. आत्याचं उत्तर ‘हो’ होतं. त्या ‘हो’मुळे शिबिराच्या दिवशी काहीही बदललं नाही. वेल्ह्याचं राजगड झालं, अपंगांचं दिव्यांग झालं, पायऱ्या मात्र सहाच.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २५ अडथळामुक्त दवाखाना आणि उपचारात प्राधान्य देतं. ऑटिझमही त्याच कायद्यात येतो. ‘रॅम्पला पैसे कुठून आणायचे?’ अहो, रॅम्प राहू द्या! तोंडातला पांढरा चट्टा बघायला टॉर्च, हातमोजे आणि दहा मिनिटं लागतात. ते ओटीवर होतं.

गर्भाशयमुखाची तपासणी अवघड, कबूल. ॲसेटिक ॲसिड लावून बघायचं तर टेबलावर चढा, पाय फाकवा. आखडलेल्या पायाच्या बाईनं काय करायचं? पण एचपीव्ही चाचणी आहे. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. ही चाचणी एकदाच केलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. तिथे नमुने आरोग्य कर्मचाऱ्यांनी घेतले होते. पण जागतिक आरोग्य संघटना म्हणते, बाईनं स्वतः घेतलेला नमुनाही चालतो. म्हणजे आत्याला तो घरच्या मोरीत घेता येईल.

भोर-वेल्ह्यातल्या प्रत्येक आरोग्य केंद्रानं त्या प्रश्नाला ‘हो’ असलेली नावं काढावीत आणि महिन्यातून एक दिवस गाडी त्यांच्या दारात न्यावी. आदल्या दिवशी फोन करावा, म्हणजे आत्या पोराला काय होणार ते सांगून ठेवेल. नावं काढणं ही एका ओळीची क्वेरी आहे. ती मी फुकट लिहून देतो.