पाषाणाच्या पोटातील पाणी

एखाद्याचे दुःख ऐकून दगडालाही पाझर फुटावा, असे आपण बोलण्याच्या ओघात सहज म्हणून जातो. आणि विहिरीवर घागर भरतेवेळी ते पाणी दगडाच्याच पाझराचे आहे हे मात्र विसरतो. बालाघाट जिल्ह्यातील आमच्या वाचकांस हा विषय घरचाच वाटेल. एखाद्याची कूपनलिका शेकडो फूट खाली जाऊनही नुसती धूळ ओकते, आणि शेजारच्या शेतातील जुनी उथळ विहीर घरादारास पुरून उरते. हा निव्वळ दैवाचा खेळ म्हणावा काय? आमच्या मते याचे पुष्कळसे उत्तर खडकाच्या एका इवल्याशा चकतीत सापडते.

ती चकती अशी करतात. खडकाचा तुकडा कापून त्याची एक बाजू गुळगुळीत करावयाची, ती काचपट्टीस चिकटवावयाची आणि दुसरी बाजू घाशीत घाशीत जाडी ०.०३ मिलिमीटरवर आणावयाची. इतकी पातळ झाली म्हणजे बहुतेक खनिजांतून प्रकाश आरपार जातो. रंध्रे पाहावयाची असल्यास खडकात आधी निळी राळ भरतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली जेथे निळे दिसेल तेथे पोकळी, असा सरळ हिशोब. इंग्लंडातील शेफील्डचे हेन्री क्लिफ्टन सॉर्बी यांनी १८४९ च्या सुमारास असे छेद करण्यास आरंभ केला. पर्वतांचा अभ्यास सूक्ष्मदर्शकाने करावयाचा, ही कल्पना त्या काळी अनेकांस हास्यास्पद वाटली. परंतु १८५८ सालच्या आपल्या निबंधात त्यांनी स्फटिकांच्या पोटात कोंडलेल्या द्रवाच्या सूक्ष्म पोकळ्यांवरून खडकांच्या जन्माचा माग काढून दाखविला. आज तर क्ष-किरणांच्या साहाय्याने खडक न फोडता त्यातील पोकळ्यांचे त्रिमिती चित्र काढता येते.

या चित्रांचा मुख्य बोध एवढाच, की पोकळी असणे निराळे आणि पाण्याला वाट असणे निराळे. पहिलीस शास्त्रज्ञ सच्छिद्रता म्हणतात, दुसरीस पार्यता. महाराष्ट्रातील काळ्या खडकात वायूच्या बुडबुड्यांची भोके नुसत्या डोळ्यांनी दिसतात. पण ती एकमेकांस जोडलेली नसली तर तो खोल्या पुष्कळ आणि दारे मुळीच नाहीत अशा वाड्यासारखा ठरतो. उलट कुंभाराच्या माठाची रंध्रे डोळ्यांस दिसत नाहीत, तरी ती जोडलेली असल्यामुळे पाणी बाहेर झिरपते, त्याची वाफ होते व आतील पाणी गार राहते. चिकणमातीची तऱ्हा तिसरीच. तिच्यात पोकळी पुष्कळ, परंतु इतकी बारीक की ती पाणी धरून बसते, सोडीत नाही.

आता बालाघाटाकडे वळू. भरवेली, उकवा, तिरोडी या मँगनीजच्या खाणींच्या प्रदेशात गोंडाइट नावाचा खडक आढळतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे फर्मोर यांनी १९०९ सालच्या आपल्या मँगनीजविषयक ग्रंथात त्याचे वर्णन केले. त्याचे नाव या भूमीतील गोंड लोकांवरून पडले आहे. मुळात हा पाण्याखाली साचलेला गाळ. तेव्हा त्याच्या कणाकणांत पाणी होते. पुढे उष्णता व दाब यांनी त्याचे रूप पालटले आणि सूक्ष्मदर्शकाखाली आता क्वार्ट्‌झ व गार्नेट यांचे कण फरशीसारखे एकमेकांत घट्ट बसलेले दिसतात. अशा ताज्या, अभंग स्फटिकी खडकात पोकळी बहुधा शेकडा एक भागाहूनही कमी असते.

मग विहिरीस पाणी येते कोठून? ते खडकाच्या वरच्या झिजलेल्या मुरमातून व त्याखालील भेगांतून. ऊन-पावसाने खनिजे कुजतात, कण सुटे होतात, मध्ये वाटा पडतात. खोल जावे तसतशा भेगा बहुधा विरळ व अरुंद होत जातात. क्वचित खोलवरही चांगली भेग लागते, हे खरे. पण तेवढ्या आशेवर कर्ज काढून आणखी शंभर फूट, आणखी शंभर फूट असे करीत जाणे म्हणजे संसार पणास लावणे होय.

म्हणून आमची कुटुंबप्रमुखांस विनंती आहे, की यंत्र बोलावण्यापूर्वी आसपासच्या विहिरींत मुरूम किती हात लागला याची चौकशी करावी आणि जाणत्या भूजलतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. मुरमाचा थर हीच आपली खरी टाकी, आणि ती भरते पावसाने, वरून. शेताचा बांध दुरुस्त ठेवणे, ओढ्याचे पाणी अडविणे, गावतळ्यातील गाळ उपसणे ही कामे त्या टाकीत भर घालतात. शेजारच्या भंडारा-गोंदिया भागातील जुने मालगुजारी तलाव बांधणाऱ्यांनी खडकाची चकती कधी पाहिली नव्हती. तरी पाऊस अडवून धरल्यावाचून गावाचा निभाव लागणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. येत्या पावसाळ्यापूर्वी निदान आपापल्या बांधाकडे प्रत्येकाने एक फेरी मारावी.