भाजणीची चिठ्ठी

दिवाळी जवळ आली, की ठाकूरद्वारच्या चाळींतून एक कागद हिंडू लागतो. चकलीच्या भाजणीचे प्रमाण! तिसऱ्या माळ्यावरच्या कोणा गृहिणीची चकली काटेरी आणि खुसखुशीत झाली, की तिची चिठ्ठी गॅलरीगॅलरीने खाली उतरते आणि चार दिवसांत सबंध चाळीत तशाच चकल्या होऊ लागतात. घराच्या जमाखर्चाचे बाड कोणी कोणाला देत नाही. चिठ्ठी मात्र सहज दिली जाते.

जंतूंच्या जगातही हाच व्यवहार चालतो. जंतूच्या पेशीत डीएनएचे एक मोठे बाड असते. त्याचा सारा संसार त्यात लिहिलेला. पण पुष्कळ जंतूंजवळ याखेरीज डीएनएची एखादी लहानशी, बांगडीसारखी गोल कडी असते. जोशुआ लेडरबर्ग यांनी १९५२ मध्ये तिला ‘प्लाझ्मिड’ हे नाव दिले. या कडीची नक्कल पेशीत स्वतंत्रपणे होत राहते आणि काही कड्या तर एक जंतू शेजारच्या जंतूला चक्क देऊन टाकतो.

माणसाने या सवयीचा फायदा घेतला. १९७३ मध्ये कॅलिफोर्नियातील स्टॅन्ली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह अशी कडी एका विकराने कापली, त्या फटीत परका तुकडा बसविला, दुसऱ्या विकराने सांधा जोडला आणि कडी पुन्हा जंतूच्या पोटात घातली. जंतूने मुकाट्याने तिच्या नकला काढल्या! असा परका मजकूर पेशीत पोचविणाऱ्या साधनाला ‘व्हेक्टर’ म्हणतात; आपण वाहक म्हणू.

आता अडचण अशी, की लाखो जंतूंपैकी थोडेच कडी घेतात. ते निवडायचे कसे? त्यावरची युक्ती मोठी नामी आहे. एखाद्या जंतुनाशक औषधाला दाद न देणारे जनुक त्या कडीवर आधीच ठेवायचे आणि मग जंतूंच्या पातेल्यात तेच औषध घालायचे. ज्यांच्याजवळ कडी नाही ते मरतात. उरतात ते आपले! अनुकूल परिस्थितीत ई. कोलाय हा जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतो. रात्री दहाला एक असेल, तर त्या हिशेबाने सकाळी आठला शंभर कोटींहून अधिक, आणि प्रत्येकाच्या हाती आपली चिठ्ठी.

हे सारे सांगण्याचे निमित्त आमच्या शेजारच्या वहिनी. डॉक्टरांनी इन्शुलिन सुरू करायला सांगून तीन आठवडे झाले, तरी सुई कपाटातच. कारण डॉक्टरांना सांगितले नव्हते, ते मला सांगितले. “भावोजी, आमच्या सासूबाईंचं इन्शुलिन गाईडुकरांचं असायचं म्हणे. मला नाही ते सोसायचं.”

वहिनींचे ऐकणे खरे होते. पूर्वी इन्शुलिन गाई व डुकरांच्या स्वादुपिंडातून काढीत. पण १९७८ मध्ये माणसाच्या इन्शुलिनचा मजकूर प्लाझ्मिडवर घालून ई. कोलायकडून ते करवून घेण्यात आले आणि १९८२ मध्ये ते अमेरिकेत रोग्यांना मिळू लागले. आपल्याकडे वोक्हार्ट कंपनीने २००३ मध्ये स्वतःचे असे इन्शुलिन बाजारात आणले. आज दुकानात मिळते ते ‘मानवी’ इन्शुलिन जंतूंकडून किंवा यीस्टकडून करवून घेतलेले असते. जनावराच्या स्वादुपिंडातून काढलेले नसते. वहिनींनी ऐकून घेतले, दोनदा खात्री करून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी सुई घेतली.

वाहकाचे काम केवळ प्लाझ्मिडच करते असे नाही, विषाणूही करतो. पवईच्या आयआयटीतील डॉ. राहुल पुरवार यांच्या चमूने आणि परळच्या टाटा मेमोरियल सेंटरच्या डॉक्टरांनी मिळून रक्ताच्या काही कर्करोगांवर एक उपचार सिद्ध केला. रोग्याच्याच रक्तातील टी-पेशी घ्यायच्या. रोग पसरविण्याची शक्ती काढून टाकलेल्या विषाणूकरवी त्यांना नवी चिठ्ठी पोचवायची: ‘अमुक खूण दिसेल त्या पेशीला धर!’ मग त्या पेशी वाढवून रोग्याला परत द्यायच्या. आणि असे वाहक विषाणू तयार करायलाही प्रयोगशाळेत प्लाझ्मिडेच लागतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये या ‘नेक्सकार१९’ उपचाराला सरकारी मान्यता मिळाली. परदेशातील अशा उपचाराच्या मानाने त्याची किंमत सुमारे एक-दशांश सांगितली गेली. तरी ती लाखांतच आहे आणि मध्यमवर्गीय घराला ती पेलणे सोपे नाही.

मात्र जंतू आपल्यासाठीच चिठ्ठ्या वाटीत नाहीत. मार्च २०१० मध्ये माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी प्रसिद्ध केले, की कार्बापेनेम या अत्यंत जालीम औषधांनाही दाद न देणारे २४ जंतू तपासले, तेव्हा २२ जणांजवळ ‘एनडीएम-१’ हे जनुक निघाले. हे जनुक बहुधा प्लाझ्मिडवरच असते, म्हणजे एका जातीच्या जंतूकडून दुसऱ्या जातीकडे जाणारे.

पातेल्यातली युक्ती आठवा. औषध घातले, की चिठ्ठीवाले तेवढे उरतात. साध्या सर्दीसाठी आपण उगाच जंतुनाशक गोळ्या घेतो, तेव्हा तीच निवड आपल्या पोटात चालते. फरक इतकाच, की उरतात ते आपले नसतात. आणि चाळीत तर एकाला ताप आला, की शेजारी आपल्या उरलेल्या गोळ्या आणि डॉक्टरांची जुनी चिठ्ठी घेऊन धावतो. त्याचा जिव्हाळा खरा, पण फराळाच्या चिठ्ठ्या खुशाल वाटा. औषधाची चिठ्ठी मात्र जिच्यावर ज्याचे नाव, त्याच्याच घरी राहू द्या.