चावी मागे फिरते का?

आंबा-काजूच्या हंगामात बांद्यातून महामार्गाला लागायला जुना ट्रकच बघितला जातो. भाडं परवडतं ना! मी शेतीखात्याचा माणूस, मेकॅनिक नव्हे. पण गाडी अडली की पेटीतला आंबा थांबत नाही, म्हणून लिहितो. डिझेल गाडीला स्पार्क प्लग नसतो. चावीचा स्विच स्टार्टरला करंट देतो. स्वस्तातला, नीट न बसणारा स्विच मागे फिरला नाही तर स्टार्टर फिरतच राहून जळतो. सैल टर्मिनल तापून वायरिंगही पेटू शकतं. मोठ्या ट्रकला बहुधा २४ व्होल्ट, छोट्या टेम्पोला १२. तेव्हा गाडीवाल्याने जुना स्विच दुकानात नेऊन टर्मिनल जुळवावेत, पक्कं बिल घ्यावं. ८ वर्षांवरील मालगाडीचं फिटनेस दरवर्षी होतं, त्यावर विसंबू नका. वाशीच्या पेट्या चढवण्याआधी ड्रायव्हरला स्टार्ट मारून चावी सोडायला सांगा. ती आपसूक मागे आलीच पाहिजे.