बर्फासाठी रजा

महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याची बातमी आली, की पिंपरी-चिंचवडमधले व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप जागे होतात. गाडीच्या टपावरून नखानं खरवडलेला चमचाभर पांढरा चुरा, स्ट्रॉबेरीच्या पानांवर मिठासारखा खरखरीत थर आणि वर तेच ते शीर्षक, ‘मिनी काश्मीर’. शनिवारी मध्यरात्री निगडी, मोशी, भोसरीहून गाड्या निघतात. पसरणी घाट चढून वर पोचेपर्यंत ऊन येतं, थराचं पाणी होतं, आणि मागच्या सीटवरची मुलं विचारतात, “बर्फ कुठंय?”

मुलांचं चुकत नाही. त्यांना काश्मीर सांगून आणलेलं असतं.

पुण्याचा आजवरचा नीचांक १.७ अंश, १७ जानेवारी १९३५ चा. तेव्हाही बर्फ पडला नाही. इथली कडाक्याची थंडी उत्तरेच्या कोरड्या वाऱ्यानं आणि निरभ्र आभाळानं येते. ढग आले की रात्रीचा पारा चढतो. थंडी आणि ढगांतली ओल यांची गाठच पडत नाही. वेण्णाकाठी दिसतं ते आभाळातून पडलेलं नसतंच. वारा पडलेल्या रात्री गवत, पानं, गाडीचा पत्रा आपली ऊब आकाशात सोडून देतात आणि भोवतालच्या हवेपेक्षा गार होतात. माणसाच्या छातीच्या उंचीवर हवा चार अंशांची असताना पायाखालचं गवत शून्याखाली गेलेलं असू शकतं. ही गोष्ट दहा वर्षांच्या पोराला तिथल्या तिथं, गवतात बसवून दाखवता येते. ‘मिनी काश्मीर’ म्हटलं की ती सांगायचीच राहून जाते, याचा राग यावा इतकी ती सुंदर आहे.

मग खरा बर्फ बघायला मे महिन्यात मनाली. रोहतांग खिंड ३,९७८ मीटरवर. राष्ट्रीय हरित लवादानं २०१५ मध्ये तिथं जाणाऱ्या पर्यटक वाहनांच्या रोजच्या संख्येवर मर्यादा घातली, त्यामुळे परवान्याची धावाधाव. भाड्याचे गमबूट, भाड्याचा कोट, फोटो. रस्त्याच्या कडेला उरलेला बर्फ तोवर धुरामातीनं काळवंडलेला असतो. पडता बर्फ बघायचा तर जानेवारीच गाठायला हवा.

आणि जानेवारी चाकणच्या कामगाराच्या हातात नसतो.

तो असतो स्पाइन रोडवर, पहाटे, कानटोपी आणि जर्किन घालून कंपनीच्या बसची वाट बघत. नाहीतर तिसरी पाळी संपवून तळेगाव रस्त्यानं घरी येताना हेल्मेटच्या काचेवरचं दव अंगठ्यानं पुसत. या पट्ट्यातली थंडी खऱ्या अर्थानं भोगतो तो हाच. बजाजच्या चाकणच्या कारखान्यात २०११ पासून केटीएमच्या ड्यूक मोटारसायकली बनतात आणि इथून थेट युरोपात जातात. केटीएमचं घर ऑस्ट्रियात, म्हणजे आल्प्सच्या देशात. चाकणमध्ये कुणीतरी आवळलेला नट तिथला हिवाळा बघून येतो. नट आवळणाऱ्यालाही तो बघावासा वाटला, तर त्यात चैन कसली?

अडतं ते रजेवर. कायम कामगाराच्या पगारी रजा गणपती, दिवाळी, गावची जत्रा आणि नात्यातल्या लग्नांत संपतात. ठेकेदाराकडच्या पोराचा तर खाडा म्हणजे पगार कापला. मराठवाड्यातून, विदर्भातून आलेली ही मुलं. त्यांनी बर्फ पाहिलाय तो रसवंतीत फोडलेल्या लादीचा. पुण्याहून जम्मूकडे झेलम एक्सप्रेस जाते. स्लीपरचं तिकीट त्यांना जमवता येईल, आठवडाभराचा खाडा जमवता येत नाही.

वेतनकराराच्या वाटाघाटीत कँटीन, बस, गणवेश सगळं येतं. जानेवारीतली आठ दिवसांची पगारी रजा, कायम आणि ठेक्याच्या दोघांनाही, हे कलमही त्यात यावं. अर्जावर ‘बर्फ बघायचा आहे’ एवढं कारण पुरेसं धरावं.