घरची भाषा वर्गात

निना ओतेरो-वॉरेन १९१७ साली अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातल्या सांता फे काउंटीच्या सार्वजनिक शाळांच्या अधीक्षक झाल्या. पुढच्याच वर्षी त्यांनी त्या पदाची निवडणूक लढवून जिंकली. न्यू मेक्सिकोतल्या स्त्रियांना तेव्हा शाळांच्या निवडणुकांपलीकडे मताधिकार नव्हता, हे लक्षात घेतलं की या विजयाचं मोल कळतं. त्या १९२९पर्यंत पदावर होत्या.

त्यांच्या शाळांतली खेड्यापाड्यांतली कितीतरी मुलं घरी स्पॅनिश बोलत. सरकारचा आग्रह फक्त इंग्रजीचा. इंग्रजी आलीच पाहिजे, हे ओतेरो-वॉरेन यांनाही मान्य होतं. पण त्यासाठी आईची भाषा शाळेच्या दाराबाहेर ठेवायला त्या तयार नव्हत्या. दोन्ही भाषा वर्गात हव्यात, तिथल्या लोककला आणि हस्तकलाही शिकवल्या जाव्यात, असा त्यांचा आग्रह होता. माझ्या मते त्यांचं सर्वांत मोठं काम हेच.

१९२२मध्ये त्या रिपब्लिकन पक्षातर्फे अमेरिकी काँग्रेससाठी उभ्या राहिल्या आणि हरल्या. काँग्रेसची निवडणूक लढवणाऱ्या त्या पहिल्या हिस्पॅनिक स्त्री. २०२२मध्ये अमेरिकेने पाव डॉलरच्या नाण्यावर त्यांची प्रतिमा कोरली. घरची भाषा वर्गात टिकवण्याच्या त्यांच्या आग्रहासाठी मराठी शाळांच्या भवितव्याची चिंता वाहणाऱ्या प्रत्येकाने त्यांचं चरित्र वाचावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे.