पातळ भाजीतले वाटाणे गेले कुठे?

भाजी-पाव हा आम्हा गोंयकारांचा नाश्ता. तो मागासलेला, निकस आहे असे सांगणारे हल्ली घरोघरी तयार झाले आहेत. जिमला जाणारा पुतण्या म्हणतो, "काका, प्रोटीन खा!" लगेच पावडरचा महागडा डबा येतो. फडताळातले अळसांदे मात्र तसेच मागे पडून!

माझे म्हणणे सरळ आहे. दोष भाजी-पावाचा नाही. भाजीतून कडधान्य हद्दपार झाले, त्याचा आहे. सकाळी हॉटेलात बसून पाहा. पातळ भाजीत वाटाणे शोधावे लागतात. सुकी भाजी तर बटाट्याचीच. त्यावर मैद्याचा पाव, एक बन आणि गोडमिट्ट चहा. म्हणजे पिठाशी पीठच की! १०० ग्रॅम बटाट्यात जेमतेम २ ग्रॅम प्रथिने, तर तेवढ्याच सुक्या अळसांद्यांत सुमारे २३. मूठभर, म्हणजे तीसेक ग्रॅम अळसांदे रात्री भिजत घातले तर सकाळी एका अंड्याएवढी प्रथिने सहज मिळतात. शिवाय गव्हात लायसिन कमी आणि कडधान्यात भरपूर. पोई आणि तोणाक ही जोडी कुणा आहारतज्ज्ञाने जुळवलेली नाही, पण त्याहून चांगली जोडी त्यालाही सुचली नसती. (पोई म्हणजे कोंड्याची हं, वरून कोंडा भुरभुरलेला मैदा नव्हे.)

"पण दुपारी नुस्तें खातोच ना!" हे आमचे ठरलेले उत्तर. खा की! पण सकाळी दहा वाजता जो दुसरा बन खावासा वाटतो, त्याला दुपारचा बांगडा कसा थांबवणार? प्रथिनांनी पोट जास्त वेळ भरलेले राहते, रक्तातली साखरही एकदम उसळत नाही. आणि साखरेचे म्हणाल तर २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वांत जास्त प्रमाण गोव्यात आढळले, २६.४ टक्के! सगळे खापर पावावर फोडायला मी काही वैद्य नव्हे. पण चार प्रौढांत एक, हे वाचूनही बटाट्याचीच भाजी मागवायची?

आता पावडरवाले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने ६० किलो वजनाच्या निरोगी माणसाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम प्रथिने पुरतात. शरीर कमावण्यासाठी पावडरी घेऊ नका, असे याच संस्थेने २०२४ मध्ये सांगितले. मूत्रपिंडाचे दुखणे असेल त्याने डॉक्टरांना विचारावे; बाकीच्यांना मूगगाठी, तोणाक, अंडे पुरे आहे.

हॉटेलवाले म्हणतात, कडधान्य परवडत नाही. मग पाच रुपये जास्त घ्या, पण वाटीत वाटाणे दिसू द्या! आणि गिऱ्हाइकांनो, वेटर "सुकी की पातळ?" विचारायला आला की आधी त्यालाच विचारा, "तोणाक आसा?"